एवारिस्तोबुवाची कोरडी जुडी

सोनोराच्या वाळवंटातलं आमचं अख्खं गाव चर्चसमोर भर उन्हात रांगेत उभं होतं आणि एवारिस्तोबुवा नारिंगी रानफुलांची जुडी एकेकाच्या तोंडावरून फिरवत होता. मार्सेलाच्या तान्ह्या निकोचे डोळे लाल होऊन गळत होते. त्याला दृष्ट लागली होती म्हणे, आणि लावणारा म्हणे याच रांगेत होता.

"निरपराध्याला फूल गार लागेल, अपराध्याला निखाऱ्यासारखं!" बुवा गरजला. "सोनोराचे सगळे संत माझ्या कानात बोलतायत!"

संतांना दुसरा उद्योग नसावा.

जुडी पवित्र पाण्यात बुडवायची, फिरवायची, की पुढचा. कुणालाच काही होईना. म्हाताऱ्या ओबदुलियाची पाळी आली तेव्हा मात्र त्याने झोळीतून कोरडी जुडी काढली. "पापिणीला पवित्र पाणी लावत नाहीत," म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. परीक्षेआधीच याला पापीण कशी कळली, हे एकानेही विचारलं नाही.

ती तोंडावरून फिरताच ओबदुलिया डोळे चोळत खाली बसली. डोळे लालभडक, पाण्याची धार लागलेली.

"सापडली!" बुवा नाचला. "सूर्य मावळायच्या आत गावाबाहेर!"

तिचा गुन्हा ऐका. आमच्याकडे बाळाचं कौतुक केलं की त्याला हात लावावा लागतो, नाहीतर दृष्ट लागते. ओबदुलिया "काय सुंदर डोळे गं!" म्हणाली आणि तिने हात लावला नाही, कारण हात तोर्तियाच्या, म्हणजे आमच्या पोळ्यांच्या, कणकेने बरबटले होते. खरा गुन्हा वेगळाच होता. मागच्या जत्रेत ती बुवाच्या ताईताला चारचौघांत हसली होती.

लोकांनी दगड उचलले. मार्सेलानेही. मी या गावात मास्तर आहे. माझं टाळकं फिरलं. मी पुढे होऊन ती कोरडी जुडी हिसकावली आणि आपल्याच तोंडावर घासली.

"मास्तर, वेडे झालात का?" कुणीतरी ओरडलं.

डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग उठली. "बघा माझे डोळे! मी तर निकोला अजून पाहिलेलंही नाही. मग मीही चेटक्या का? मारा दगड!"

कुणी हललं नाही. मी जुडी बुवापुढे धरली. "घे, तूही फिरव. तू तर निरपराध ना?"

"संत... संतांचं आता मौनव्रत आहे," तो मागे सरकत म्हणाला.

"मघाशी तर बडबडत होते!"

लोक हसले, तेव्हा मी त्याची काळी टोपी ओढून जुडी त्या टोपीवर झटकली. पांढुरकी लव पसरली. "हे कापसाच्या कुळातलं झाड. पानाला, देठाला बारीक केस असतात, ते डोळ्यांत गेले की डोळे पेटतात. पाण्यात बुडवलं की केस चिकटून बसतात, उडत नाहीत. दर वसंतात पोरं ही फुलं तोडून शाळेत डोळे चोळत येतात. आपल्या आज्या या झाडालाच दृष्ट म्हणायच्या. नाव लक्षात राहिलं, कारण विसरलात!"

मार्सेलाचा चेहरा पांढराफटक पडला. "मास्तर... दृष्ट लागू नये म्हणून बुवाने निकोच्या पाळण्यावर असलीच कोरडी जुडी बांधलीय."

ती धावत घरी गेली. जुडी चुलीत गेली, उकळून गार केलेल्या पाण्याने बाळाचे डोळे धुतले, मग माझेही, आणि मीच दोघांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. निको वाचला, डोळ्यांसकट. आम्ही परत येईपर्यंत बुवा गावातून पसार झाला होता.

नंतर मार्सेला बाळाला घेऊन ओबदुलियाच्या दारात गेली. "आजी, याला हात लावा ना."

ओबदुलिया कणीक मळत राहिली. "त्या दिवशी तुझ्या हातात दगड होता, पोरी. आधी तो कुठे टाकलास ते सांग."

मार्सेला बाळाला घेऊन माघारी वळली. मला तिची कीव आली नाही. बुवा पळाला, पण माना डोलावणारे अजून गावातच आहेत. त्यांच्याकडे माझं एकच मागणं आहे: दगड उचलण्याआधी निदान एक प्रश्न विचारा.