न वाजलेली पेटी

बाळाला खांद्यावर घेतल्यावर तिच्या लक्षात आलं, पेटीचं बटण बंद करायचं राहून गेलं. तिने डोळे मिटले, अंग आवळलं आणि गजराची वाट पाहत उभी राहिली. पाळण्यातल्या गादीखालची चटई बाळाचा श्वास टिपायची. दहा सेकंद काही हललं नाही, की कोपऱ्यातली पेटी तिच्या मोबाइलवर असा टाहो फोडायची की शेजारीही दचकायचे.

काहीच वाजलं नाही.

तिने मोबाइल उचलला. तो गप्प. आणि मग एकदम वाजला. पण तो नवऱ्याचा फोन होता.

“काय चाललंय?”

“काही नाही. धापा कसल्या टाकतोयस?”

“जिन्यात आहे. ऑफिसात रेंज नाही धड. पिल्लू कुठंय?”

“माझ्या खांद्यावर.”

“हां. बरं, बरं. सहज केला होता.”

पेटीबद्दल ती बोलली नाही. बोलली असती तर तो हसला असता. “तुला पेटी वाजली तरी भीती, नाही वाजली तरी भीती,” असं कालच म्हणाला होता. दिवस भरायच्या आत जन्मलेली मुलगी घरी आणली तेव्हापासून तो असाच हसत होता, आणि ती त्या हसण्याला धरून उभी होती. ह्याला काही वाटत नाही, म्हणजे खरंच काही नसणार.

बाळाला पुन्हा चटईवर ठेवून तिने लॅपटॉप मांडीवर ओढला. पेटीला ना पडदा, ना चित्रं. तिच्याशी बोलायचं तर लॅपटॉपवरच्या काळ्या खिडकीत आज्ञा लिहायच्या. नोकरीत तिने हेच केलं होतं, म्हणून पेटी तिनेच बसवली होती. आत एक फाइल साऱ्या घरासाठी, आणि ज्याचं त्याचं खातं असेल त्याची एक खासगी फाइल. दोघींचं पटलं नाही तर खासगीचं ऐकायचं, हा पेटीचा नियम. घराची फाइल तिने स्वतः लिहिली होती, दहा सेकंदांसकट. खासगी फाइल तिने कधी केलीच नव्हती.

कुठली ओळ कुठल्या फाइलीतून आली ते दाखव, अशी आज्ञा तिने दिली. उत्तरातल्या एका ओळीवर तिची नजर खिळली. गजर: बंद. कुठून: तिच्या खासगी फाइलीतून.

म्हणजे ती गाढ झोपली होती त्या सगळ्या रात्री ही पेटी मुकी होती. तिचा पासवर्ड घरात आणखी एकालाच ठाऊक होता.

“आई,” तिने स्वयंपाकघराकडे पाहून हाक मारली. आवाज चिरका निघाला. “ह्याने माझ्या लॅपटॉपला हात लावला होता?”

सासूबाई ओले हात पुसत दारात आल्या. “मला कुठलं कळतंय तुमचं ते काळं-पांढरं? बसला होता खरा, तू झोपलीस तेव्हा. झोप ह्याला कशी ती नाहीच. सकाळी डोळे बघ जरा त्याचे, मारामारी करून आल्यासारखे. विचारलं तर म्हणतो, ऑफिसचं काम.”

“माझा गजर बंद करून ठेवलाय त्याने.”

“मग बरंच की. आठ दिवसांत जरा माणसात आलीस.”

त्याच्यासाठी ठेवलेले कडक शब्द मनात जुळवत तिने त्याच्या खात्याचं फोल्डर उघडलं; पेटी बसवणारी तीच, तिला सगळी खाती उघडता यायची. त्यातही एक खासगी फाइल होती.

गजर: चालू. कुठे: त्याचा मोबाइल. आवाज नाही, फक्त थरथर.

त्याखाली सेकंदांची ओळ. आणि त्या ओळीच्या वर, कामातली त्याची सवय, जुन्या ओळी न पुसता नुसत्या बाद करून ठेवलेल्या. दहा. मग आठ. मग पाच. बाद न केलेली शेवटची ओळ: तीन.

तिने ती पुन्हा वाचली. एवढ्या लहान बाळाचा श्वास मधूनच याहून जास्त थांबतो, घाबरू नका, असं डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. तीनवर ठेवलेला मोबाइल रात्रभर थरथरत राहणार. उशीखाली. हाताखाली.

धरायला काही नाही असं तिला वाटलं, म्हणून तिने बाळाला उचलून छातीशी घट्ट धरलं. बटण पुन्हा राहिलं.

फोन वाजला.

“काय चाललंय?” तोच दम लागलेला आवाज. “सहज केला.”

तिने तिच्या फाइलीतल्या ‘बंद’ या शब्दाकडे पाहिलं. बोट कीबोर्डवर नेलं. मग लॅपटॉप हलकेच मिटला.

“अरे, खांद्यावर आहे माझ्या, मस्त जांभया देतेय,” ती म्हणाली, आणि हसली. चांगलं जमलं हसू. “तुला काय, काम नाही का दुसरं?”

“आज किती वेळा नाकाशी हात लावून बघितलंस?”

“एकदाही नाही.”

“शाब्बास,” पलीकडे तो म्हणाला, आणि त्याने सोडलेला श्वास तिला स्पष्ट ऐकू आला.

फोन ठेवून तिने आधी बटण बंद केलं. मग तळहात बाळाच्या नाकाशी नेला, आणि तो तिथेच राहिला.