परत आणलेली बाई

समाताने गाडीचं दार आतून घट्ट धरून ठेवलं होतं. बाहेरून लारिबाने दोनदा ओढून पाहिलं, पण ते उघडेना.

"आजी, उतरा ना. आलं तुमचं गाव."

"आधी पोरांना आत न्यायला सांग."

गावाच्या तोंडाशी कडुनिंबाखाली पोरांचा घोळका जमला होता. नाटकमंडळींची दुसरी गाडी आधीच पोचली होती, त्यातून ढोल उतरत होते, आणि पोरं ढोलांभोवती नाचत होती. म्हातारीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"ती तुम्हाला बघायला नाही आली," लारिबा हसत म्हणाली. "ढोल बघायला आलीत. तुमचा भाव जरा उतरलाय, आजी. सोसा."

समाता हसली नाही. "आत न्या त्यांना," ती पुन्हा म्हणाली.

पलीकडच्या दाराने रहिनातू उतरली. तिची चार महिन्यांची मुलगी, वुनपिनी, पाठीवर कापडात बांधलेली होती. रहिनातू तामाले शहरातल्या विद्यापीठात शिकवायची. चेटकी म्हणून गावाबाहेर काढलेल्या बायकांवर तिने कितीतरी लिहिलं होतं, परदेशात जाऊन भाषणं दिली होती. पण लिहून एकही बाई घरी परतली नाही, हे तिचं दुखणं होतं. म्हणून तिने लारिबाला गाठलं होतं. लारिबाची नाटकमंडळी गावोगाव अंगणात खेळ करायची. दोघींनी मिळून या एका गावाचा पिच्छा पुरवला. गावप्रमुखाला मान म्हणून कोलाची फळं पाठवली, म्हाताऱ्यांच्या बैठकीत तासन्‌तास बसल्या, नको नको ते ऐकून घेतलं. हाकललेल्या बायकांच्या वस्तीतून त्या घरी आणत होत्या ती समाता पहिली.

घोळक्यामागून एक उंच, किडकिडीत माणूस पुढे आला. गाडीपाशी येऊन तो मोठ्यांपुढे बसतात तसा उकिडवा बसला, मान खाली घालून.

"आत्या, घरी चला. खोली सारवून ठेवलीय."

समाताने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "वाळलास रे नेंदो."

"तुम्ही पण."

"खोली कुणी सारवली?"

"मेमुनाने. तिनेच."

मेमुना म्हणजे नेंदोची बायको. ते नाव ऐकलं तेव्हा कुठे समाताचा हात दारावरून सुटला.

खेळ गावप्रमुखाच्या अंगणात झाला. हरमाटनचा कोरडा वारा सुरू होता. वाळवंटाकडून आलेली धूळ हवेत तरंगत होती, सूर्य त्यात पांढऱ्या ताटलीसारखा दिसत होता, आणि सगळ्यांचे ओठ फुटलेले होते. लारिबा कमरेत वाकून, काठी टेकत अंगणात आली आणि पहिल्याच वाक्याला बायका खदखदल्या. ती म्हातारी झाली होती, भाचेसुनेला टोमणे मारत होती, गिनी कोंबड्यांना शिव्या घालत होती. समाता गावप्रमुखाशेजारच्या बाकड्यावर बसून हे पाहत होती. तिला पुढच्या रांगेत बसवायचं असं रहिनातूने ठरवलं होतं. गावाने तिच्याकडे पाहावं, आणि पाहून काही होत नाही हेही पाहावं.

मग नाटकातल्या घरात एक पोर आजारी पडलं, आणि हसू थांबलं. कारण ही गोष्ट कुणाची ते प्रत्येकाला ठाऊक होतं.

नेंदो आणि मेमुनाचा मुलगा, तियुंबा, अशाच एका हरमाटनमध्ये मेंदूज्वराने गेला होता. त्या वर्षी आसपासच्या सगळ्याच गावांत पोरं गेली. पण तियुंबा तापात आईला हाक मारत नव्हता. तो "आजी, आजी" करत होता, समाताला बोलावत होता. कुणीतरी म्हणालं, जी बाई आत्मा खाते तिचंच नाव पोर घेतं. दुसऱ्या कुणीतरी कोंबडा आणला. तो देवापुढे कापला, आणि तो पालथा पडून मेला. उताणा पडला असता तर समाता सुटली असती. ती विधवा होती, भावाच्या घरी परतलेली होती, आणि तिच्या बाजूने बोलणारा भाऊ दोन पावसाळ्यांपूर्वीच वारला होता. पहिला दगड कुणी मारला हे आता कुणी सांगत नाही. कापलेल्या बाजरीच्या धसांतून ती अनवाणी पळाली.

अंगणात लारिबाने काठी टाकून दिली. ती ताठ उभी राहिली आणि म्हातारीचा आवाज सोडून स्वतःच्या आवाजात म्हणाली, "तापात पोर कुणाला हाक मारणार? ज्या पाठीवर ते रोज झोपतं, त्या पाठीलाच ना?"

ढोलसुद्धा गप्प झाले. बायकांच्या रांगेत मेमुनाने कापडाचं टोक तोंडात धरलं.

आता रहिनातू उठली. तिने कोरलेल्या भोपळ्याचं पाण्याने भरलेलं भांडं समाताच्या हातात दिलं आणि लोकांकडे वळली. "हिच्या हातचं पाणी कोण पितं?"

कुणी हललं नाही. एक म्हातारा खाकरला.

रहिनातूने गुडघे टेकले, समाताच्या हातून भोपळा ओठाला लावला आणि घटाघटा प्यायली. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. पाठीवरची वुनपिनी त्या हालचालीने जागी होऊन टकामका बघायला लागली. मग नेंदो आला. मग, सगळ्यांच्या माना वळल्या, मेमुना उठली. ती प्यायली, आणि भोपळा परत देताना तिने समाताची बोटं क्षणभर धरून ठेवली. त्यानंतर एकच गलका झाला. ढोल वाजायला लागले. लारिबाने रहिनातूला उचलायचंच बाकी ठेवलं.

"डॉक्टरीणबाई, नट्या उगाच आम्हाला म्हणतात!"

"गप गं," रहिनातू म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

दिवेलागणीला मंडळी गावप्रमुखाकडे जेवायला गेली. वुनपिनी किरकिर करत होती म्हणून रहिनातू समाताबरोबर नव्या सारवलेल्या खोलीत थांबली. भिंतींना अजून ओलसर मातीचा वास होता. मेमुनाने साघिम, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, आणि भेंडीचं कालवण झाकून ठेवलं होतं. दोघी एकाच ताटात जेवल्या. समाताने दोनच घास घेतले.

"आवडलं का नाटक?" रहिनातूने विचारलं.

"ती पोरगी गुणी आहे. पण मी कोंबड्यांना एवढ्या शिव्या देत नव्हते."

"सांगते तिला."

समाताने कोनाड्यातून अंगाला लावायच्या, शियाच्या बियांच्या लोण्याची वाटी घेतली, बोटभर लोणी तळहातावर चोळू लागली. वुनपिनीची कातडी धुळीने खरखरीत झाली होती. नाक चोंदलं होतं. ती आईच्या मांडीवर हातपाय झाडत होती.

"ते शेवटचं वाक्य बोलली ना ती," समाता म्हणाली. "पाठीवर झोपायचा म्हणून हाक मारली, असं. तू लिहिलंस?"

"हो."

"चांगलं आहे. मला तसं कधी सुचलं नव्हतं." हात चोळणं चालूच होतं. "पण खरं सांगू का पोरी? मला माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"मी केलं की नाही ते."

"आजी. तो मेंदूज्वर होता. मी तुम्हाला सांगितलंय. त्या वर्षी दवाखान्यात—"

"सांगितलंस. मला पटतं. दिवसा पटतं." कंदिलाची काच काजळली होती. तिने वात खाली केली. "वारा सुटला की मला तो ऐकू येतो. आजी, आजी. मी म्हणते, आले रे. आणि मी उठते. उठते की उठल्याचं स्वप्न पडतं, देवाला ठाऊक. सकाळी बघावं तर पाय धुळीने भरलेले."

"हरमाटनमध्ये सगळ्यांचेच पाय धुळीने भरतात, आजी."

"हो. मी पण असंच म्हणते स्वतःला."

बाहेर वाऱ्याने छपराचं गवत खसखसलं. दूर प्रमुखाच्या अंगणातून लारिबाच्या हसण्याचा आवाज आला आणि विरला. वुनपिनी अचानक शांत झाली. किरकिर थांबवून ती समाताकडे बघायला लागली. तोंडाचा चंबू करून तिने एक लांब, गोड हुंकार दिला.

समाताचा चेहरा उजळला. दिवसभरात पहिल्यांदाच. लोण्याने चकचकणारे दोन्ही तळवे तिने पुढे केले.

"दे. मी चोळून देते. माझ्या हाताला झोप आहे, सगळे म्हणायचे."

रहिनातूचे हात हलले. पण पुढे नाही. मुलीच्या पाठीवरचा एक हात डोक्यामागे गेला, दुसऱ्याने कापडाचं टोक तिच्या तोंडावर ओढलं. लहानपणी विहिरीवर चेटकी ठरवलेली एक शेजारीण यायची, तेव्हा रहिनातूची आई पाठच्या भावाचं तोंड असंच झाकायची. रहिनातूने त्या शेजारणीवर एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. हे सगळं तिला नंतर आठवलं. हात आधीच जाऊन आले होते.

"झोपतेय ती," ती म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय."

कापडाखालून वुनपिनीने पुन्हा हुंकार दिला.

समाताचे हात थोडा वेळ तसेच राहिले. मग तिने ते मागे घेतले, आणि लोणी वाया जाऊ नये म्हणून स्वतःच्या कोपरांना चोळलं. एका कोपराला, मग दुसऱ्याला.

"हो," ती म्हणाली. "झोपू दे. पोरांनी झोपावं."

रहिनातूने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्याच वेळी मेमुना ताट न्यायला आत आली.

सकाळी लारिबा गाडी पुसायला गेली तर समाता मागच्या सीटवर बसलेली. मांडीवर तिचं गाठोडं होतं.

"हे काय आजी? कुठे निघालात?"

"वस्तीवर. वाटेत सोडा मला."

थोड्याच वेळात अर्धं गाव गाडीभोवती जमलं. मेमुना दाराला धरून रडत होती. नेंदो कालच्यासारखाच उकिडवा बसला होता, पण आज त्याने मान वर केली होती.

"आत्या, काय चुकलं आमचं? सांगा तरी."

"काही नाही रे. पाणी प्यालात, जेवायला घातलंत, खोली सारवलीत. अजून काय करतं माणूस?"

"मग?"

"तिथे बऱ्या आम्ही. सगळ्या सारख्या. कुणाचं कुणाला भय नाही."

लारिबाने नेंदोला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे दोन पावलं, सगळ्यांना ऐकू जाईल इतपत. "रात्री कुणीतरी बोललंय तिला. तुझ्या घरातलं कोण ते सांग."

"कुणी नाही, ताई. तियुंबाची शपथ."

"मेलेल्या पोराची शपथ घेतोस? त्याच्याच नावाने हाकललंत ना तिला?"

नेंदोचा चेहरा राखेसारखा झाला. मेमुनाने दारावरचा हात काढला आणि ती नवऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली.

रहिनातू गाडीच्या पुढच्या बाजूला उभी होती. तिने समाताकडे पाहिलं. समाता समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होती, जणू तिथे तिच्या ओळखीचं कुणी येणार होतं. रहिनातू मुलीला पाठीवरून सोडून गाडीत बसली आणि तिला मांडीवर घेतलं. गाडी हलेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. लारिबाने गिअर असा टाकला की गाडी कण्हली.

"शेवट बदलायचा. पुढच्या गावात हाच खेळ नाही करायचा मी. सगळे पाणी पितात, ढोल वाजतात, आणि सकाळी म्हातारी गाठोडं घेऊन बसते. खोटं नाटक झालं ते. भाच्याचं पात्र दुटप्पी करते. लोकांसमोर पाणी पिणारा, आणि घरात—"

"नेंदोला हात लावू नकोस," रहिनातू म्हणाली.

"का? पुळका आलाय?"

"त्याने काही केलं नाही. मेमुनानेही नाही. गाव तयार होतं."

"मग अडलं कुठे?"

धुळीतून एक लाकडांचा ट्रक दिवे लावून समोर आला. त्याला वाट देण्यासाठी लारिबाला गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली. ट्रक गेल्यावरही पुढचं काही दिसत नव्हतं, म्हणून ती तशीच थांबली.

"नाटकात अजून एक बाई हवी," रहिनातू म्हणाली.

"कुठली बाई?"

"तामालेहून आलेली."

लारिबाने इंजिन बंद केलं. ती वळून मैत्रिणीकडे बघत राहिली. मग तिची नजर खाली, मांडीवरच्या मुलीकडे गेली, आणि तिथेच थांबली.

मागच्या सीटवरून समाता पुढे वाकली.

"तिला वाईट नको दाखवूस हं," ती लारिबाला म्हणाली. "लहान पोराची आई आहे ती."