एका पत्राचे वीस पौंड

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या एका चढावरच्या गावात, बँकेच्या मागल्या खोलीत माझा जन्म गेला. नवा होतो तेव्हा साहेब म्हणत, "काय देखणं अक्षर आहे गड्याचं!" मी फुलून जायचो आणि खर्र खर्र पत्रे छापायचो.

पण छापायचो काय? खात्यात नसलेले पैसे कुणाकडून खर्च झाले, तर ते कळवणारे पत्र. वर 'प्रिय', खाली 'आपला विश्वासू' आणि मधोमध दंडाचे वीस पौंड. फुलांच्या परडीत विंचू ठेवावा, तसे. शाई माझी काळी, पाप त्याहून काळे.

मॅव्हिस सटक्लिफ शाळेत मुलांना जेवण वाढायची. टेलिफोनच्या बिलाचा चेक ती नेहमी टपालाचे स्वस्त तिकीट लावून पाठवी. ते पत्र रमतगमत तिसऱ्या दिवशी पोचे, तोवर पगार जमा होई. गावातल्या निम्म्या बायांची हीच युक्ती. एकदा घरात नेमके जलद टपालाचे महाग तिकीट उरले होते. तिने तेच चिकटवले. पत्र दुसऱ्याच दिवशी पोचले. पगार आला नव्हता, खाते शून्याच्या तीन पौंड खाली गेले. बँकेने बिल भागवले आणि मला कामाला लावले.

त्या वीस पौंडांमुळे पुढच्या महिन्यात खाते पुन्हा खाली. पुन्हा मी, पुन्हा वीस. टेलिफोनचे पुढचे बिल आले, तेव्हा बँकेने चेकच परत पाठवला, त्याचेही वीस घेतले. बिल थकले म्हणून टेलिफोनवाल्यांनी मॅव्हिसचा फोन बंद केला.

तिचे वडील, चौऱ्याऐंशी वर्षांचे विल्फ, टेकडीपलीकडे एकटे राहत. रोज सकाळी ते लेकीच्या फोनवर दोन घंट्या वाजवून ठेवून देत. तिने उचलायचा नाही, म्हणजे पैसे पडत नाहीत. दोन घंट्या म्हणजे 'उठलोय गं पोरी'. त्या वाजल्या नाहीत की ती धावत सुटे.

आता घंट्याच नाहीत. मॅव्हिस रोज कामाआधी चालत जाऊन बघून येऊ लागली. एका सकाळी रस्त्यावर बर्फ गोठले, उशीर झाला. संध्याकाळी जाऊ, म्हणाली. गेली तेव्हा म्हातारा स्वयंपाकघराच्या फरशीवर पडलेला होता, सकाळपासून.

आठवड्याने ती बँकेत आली. खिडकीशी बँकेतली कारकून ऑड्री होती.

"माफ करा हं, जरा त्रास देते. तिकीट चुकलं माझं."

"अगं, तू कसली माफी मागतेस? बाबा कसे आहेत?"

"खुबा मोडलाय. नर्सला सांगतात, 'लेक फरशी छान पुसते, दिवसभर बघितली मी.'" ती हसली, आणि हसता हसताच तिला हुंदका आला. "डॉक्टर म्हणाले, आता एकटं राहणं नाही. घर सोडावं लागणार त्यांना."

ऑड्री तडक साहेबांकडे गेली. "साहेब, तीन पौंडांपायी साठ घेतलेत आपण."

"नियम आहे, ऑड्री."

"मग तो नियम तिला तुम्हीच सांगा. बाहेर उभी आहे."

साहेब बाहेर गेले नाहीत. साठ पौंड मात्र परत केले. मॅव्हिसचा फोन सुरू झाला. पण सकाळी तो वाजत नाही. विल्फच्या घराला कुलूप आहे.

मी आता अडगळीत आहे. मला फक्त छापता येत होते, विचारता येत नव्हते. एवढ्याने मी सुटत नाही, मित्रांनो. तुम्हाला तर विचारता येते. कुणाचे काही कमी पडले, तर दंडाचा कागद काढण्याआधी म्हणा, "घरी सगळं बरं आहे ना?" एवढे विचारायला पैसे पडत नाहीत.