उद्या काय भिजवायचं?

माझे सासरे गुंडूराव, आमचे अण्णा, रोज सकाळी कॉफीबरोबर एक स्वप्न सांगायचे. साधंसुधं नाही, चांगलं ऐसपैस. एकदा हलसूरचं तळं हळूहळू चढत बंगळुरात इंदिरानगरातल्या आमच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत आलं आणि कोणाचं काही भिजलं नाही. एकदा घड्याळांच्या कारखान्यातली सगळी घड्याळं उडून गल्लीतल्या पिवळ्या फुलांच्या झाडावर जाऊन बसली. मग दिवसभर किती वाजले ते कोणाला कळेना आणि सगळे खुशीत. अण्णांनी त्या कारखान्यात तीस वर्षं काढली होती. प्रत्येक स्वप्नात कुठेतरी कोपऱ्यात माझ्या सासूबाई, शारदाबाई असायच्या. कधी होडीत भाजीची पिशवी मांडीवर घेऊन, कधी नुसत्याच झाडाखाली उभ्या. त्या गेल्याला आठ महिने झाले होते. त्यानंतरच अण्णा आपलं घर बंद करून आमच्याकडे राहायला आले.

मी पुण्याचा, नोकरी महादेवपुऱ्यात आणि झोपेच्या नावाने बोंब. अण्णांचं स्वप्न ऐकताना मी जलरंगांची डबी उघडायचो आणि पोस्टकार्डाएवढ्या कागदावर ते रंगवायचो. कॉलेज सुटल्यापासून ब्रश हातात धरला नव्हता, तो या स्वप्नांनी धरायला लावला. खिडकीतून कोवळं ऊन यायचं, कॉफी निवून जायची आणि मी अर्धवट झोपेत निळ्या पाण्यात पिवळी घड्याळं सोडत बसायचो. लॅपटॉप तेवढा वेळ बंद. दिवसातला तो अर्धा तासच काय तो माझा होता.

स्वयंपाकघर मात्र आमचं मुकं होतं. माझी बायको शिल्पाश्री आणि मी, दोघंही कामावर. जेवण डब्यांतून दारात यायचं. सुरुवातीला अण्णा कांदा चिरायला उठले, तर शिल्पाने त्यांच्या हातातली सुरी काढून घेतली. “अण्णा, आयुष्यभर राबलात ना? आता आराम करा.” म्हणाली ती प्रेमानेच. अण्णा “सरी”, म्हणजे बरं, म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले.

मग आमच्या ऑफिसात झोपेची स्पर्धा निघाली. लोकांनी वेळेवर झोपावं म्हणून सगळ्यांना झोप मोजणारी मनगटी घड्याळं वाटली. ज्या टीमची सरासरी जास्त, तिला एक दिवस सुट्टी. माझी पहिली रात्र चार तासांची निघाली. आमची प्रमुख आसावरी माझ्याकडे नुसतं बघून गेली. मी म्हटलं, घरात एक माणूस रोज दहाला दार लावून घेतो आणि सकाळी ताजं स्वप्न घेऊन बाहेर येतो. त्याच्या झोपेवर आपण जरा मौज केली तर कुठे बिघडलं?

“अण्णा,” मी संध्याकाळी म्हणालो, “हे घड्याळ हातावर राहिलं तरच चालतं. रात्री तुम्ही बांधाल का?”

अण्णांनी ते उलटसुलट करून पाहिलं. “ऑटोमॅटिक काय? बांधतो की. हात हलला की चावी भरतंय.”

थाप पचली म्हणून मी खूश. सकाळी फोनवर आकडा पाहिला, तर एक तास दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी पन्नास मिनिटं. “शार्दूल, रात्री घरफोड्या करतोस का?” आसावरीने विचारलं. घड्याळ बिघडलं असणार, म्हणून तिसऱ्या रात्री मी ते स्वतःच्या हातावर बांधलं. माझी झोप त्याने बिनचूक मोजली. चौथ्या रात्री पुन्हा अण्णा: चाळीस मिनिटं. आणि त्याच सकाळी अण्णांनी सगळ्यात मोठं स्वप्न सांगितलं. एक बस होती, तिच्यात सगळे प्रवासी गाढ झोपलेले, आणि कंडक्टर चवड्यांवर चालत त्यांच्या अंगावर पांघरुणं घालत होता. ब्रश माझ्या हातात तसाच राहिला. जो माणूस झोपलाच नाही, त्याला स्वप्न पडलं कुठून?

शनिवारी दुपारी बाल्कनीत मी सगळं कबूल केलं. घड्याळाची थाप, स्पर्धा, आकडे. वाटलं, रागावतील. अण्णा खालच्या रस्त्याकडे बघत राहिले.

“पकडलात की, शार्दूलराव,” ते म्हणाले. “झोप येत नाही. शारदा गेली तेव्हापासून नाही.”

“मग स्वप्नं?”

“पडल्यापडल्या जुळवतो. म्हातारा जागाय म्हटलं तर तुम्ही दोघं पण जागणार. आणि तुम्ही रंग काढून बसता ना सकाळी, तोंडावर स्वल्प हसू येतंय. म्हणून रोज एक तयार ठेवतो.”

मला लाज वाटली, अगदी जमिनीत शिरावंसं वाटलं. ज्या माणसाची झोप मी चोरायला निघालो होतो, तो माझ्यासाठी रात्रभर जागून स्वप्नं रचत होता.

“आधी यायची झोप?” मी विचारलं.

“आधी रात्री नऊला शारदा विचारायची, उद्या काय भिजवायचं? मी म्हणायचो मटकी, नाहीतर हरभरे. तेवढं ठरलं की डोळा लागायचा. आता उद्याचं कोण विचारतंय? सगळं दारात येतंय.”

हे शिल्पाला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ ओट्यापाशी उभी राहून रडली. “सुरी मीच काढून घेतली रे,” एवढंच म्हणाली. मग तोंड धुऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेली.

जेवणं झाल्यावर, बरोबर नऊला, ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“अण्णा, उद्या काय भिजवायचं?”

आवाज थेट तिच्या आईचा होता. अण्णा खुर्चीचे हात धरून उठले. “मटकी,” म्हणाले, “पण तू नको घालू पाणी. तुझा अंदाज चुकतो.” स्वतः दोनदा धुतली, पाणी घातलं, वर ताटली झाकली. घड्याळही मागून घेतलं. “बांधा. खरं काय ते कळू दे.”

रविवारी सात वाजले, साडेसात वाजले, अण्णांचं दार बंद. आठला शिल्पा घाबरली. मी तिला फोन दाखवला. झोपेचे तास अजून वाढतच होते. आम्ही भांड्याचा आवाज न करता कॉफी केली आणि ऊन सरकताना बघत गप्प बसलो. इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

नऊला अण्णा बाहेर आले. गालावर उशीच्या वळ्या. माझ्यापुढचा कोरा कागद पाहून खजील झाले.

“आज काही नाही हो, शार्दूलराव. स्वप्नच पडलं नाही.”

“राहू दे, अण्णा.”

ते आत गेले आणि ताटली उचलून मटकी बघत राहिले. छान फुगली होती. मी तेच रंगवलं: ओटा, पातेलं, बाजूला सारलेली ताटली, पाण्यावर खिडकीतलं ऊन. अण्णा पाठीशी येऊन उभे राहिले.

“शारदाला काढायचं राहिलं,” ते म्हणाले.

“कुठे काढू?”

अण्णांनी बोट ठेवलं. “इथं. ओट्यापाशी. हात ओले दाखवा.”