पॅनेलमधली खडीसाखर

पवनचक्कीच्या बुडाशी विजेचं जे लोखंडी कपाट असतं, त्याला पॅनेल म्हणतात. वीज चालू असताना त्याचं दार उघडायचं नसतं, हे साऱ्या जगाला ठाऊक. चक्की सांभाळणाऱ्या खुशालरावांनाही ठाऊक. पण पंधरा वर्षं ते रोज सकाळी दार उघडून आत उदबत्ती ओवाळत, चिमूटभर खडीसाखर ठेवत आणि मगच चहा घेत. लक्ष्मी आत बसलेली, आणि नमस्कार बाहेरून? असं कुठं असतं का!

अकोल्याहून प्रियदर्शनी आली ती नेमकी ही पॅनेलं तपासायला. पॅनेलमध्ये भडका उडाला तर किती दूरच्या माणसाला भाजेल, याचं गणित मांडणं हे तिचं काम. तेल्हाऱ्याच्या वरच्या टेकडीवर अकरा चक्क्या उरकून ती बाराव्या, म्हणजे खुशालरावांच्या चक्कीपाशी आली.

"काका, भडका उडाला तर साडेचार फुटांच्या आतला माणूस भाजणार. अंगावरचे कपडेसुद्धा पेटतील."

"पंधरा वर्षांत मले इथं मुंगीबी चावली नाही, मॅडम," खुशालराव हसले.

मुंगी म्हटल्यावर तिनं खाली पाहिलं. दाराच्या फटीतून मुंग्यांची रांग आत चालली होती.

"आत गोड काय ठेवलं?"

खुशालरावांनी सांगून टाकलं. प्रियदर्शनीचा चेहरा उतरला. "साखरेमागं मुंग्या, मुंग्यांमागं पाल. ती आतल्या विजेच्या दोन पट्ट्यांना एकदम टेकली की झाला भडका!"

"एवढंच ना? काढून घेतो. मिनिटाचं काम." त्यांनी कडीला हात घातला.

तिनं खस्सकन मनगट धरून त्यांना मागं ओढलं. "चालू लाईनवर दार उघडून राहिले, अन् मी पाहत राहू काय? आधी बंद करा!"

खुशालरावांचा पारा चढला. पोरीच्या वयाची बाई, हात धरते म्हणजे काय! पण तिनं त्यांना थेट साडेचार फुटांपलीकडं नेलं आणि मगच हात सोडला. ही आपल्यासाठी भ्याली, हे त्यांना कळलं आणि राग कुठल्या कुठं गेला. कुरकुरत त्यांनी चक्की थांबवली, वरचा पुरवठा तोडला, कोणी परत चालू करू नये म्हणून खटक्याला कुलूप घातलं. तिनं जाडजूड पोशाख चढवून दार उघडलं, यंत्र लावून आत वीज उरली नाही याची खात्री केली आणि मग त्यांना बोलावलं.

तांब्याच्या पट्टीवर एक लठ्ठ पाल बसली होती. खुशालरावांनी साखरेला हात घातला, तशी ती दचकली आणि शेजारच्या पट्टीवर आडवी झाली. एक पाय इकडं, एक तिकडं. क्षणभर तशीच राहिली, मग सुर्रकन पळाली.

"अरे बापरे," म्हणत खुशालराव साखर आणि उदबत्तीचं घर उचलून मागं सरले.

"मॅडम, लक्ष्मीले कुठून ओवाळू आता?"

"साडेचार फुटांवरून. दार लावून."

"पाच करा."

तिनं पाच फुटांवर जमिनीवर पिवळी पट्टी ओढली. खुशालरावांनी खिशातून फोन काढून घरी बायकोला लावला.

"मैना, मी संध्याकाळी घरी येऊन राहिलो."

"अवं, रोजच तं येता! आज काहून सांगून राहिले?"

"चहा ठेव," एवढंच ते म्हणाले.