दणकटांची गिटार

सुतारकामाच्या धंद्यात त्यांना सगळे दणकट म्हणत, आणि हे नाव त्यांनी कमावलेलं होतं. त्यांनी केलेला पलंग मोडल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. एका गिऱ्हाइकाने घर बदललं, तेव्हा दणकटांनी केलेलं कपाट हमालांना जागचं हलेना. शेवटी तो बिचारा कपाट तिथेच सोडून गेला आणि नव्या भाडेकरूची चंगळ झाली. हा किस्सा सांगताना दणकटांची छाती फुगायची. कुठलीही वस्तू हातावेगळी करण्याआधी ते तिला दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवत. जराशी कुरकुर ऐकू आली, की आणखी एक पट्टी ठोकत. ‘हलता कामा नये’ हा त्यांचा एकुलता एक नियम. तो त्यांनी स्टुलापासून स्वतःच्या मुलापर्यंत सगळ्यांना लावून पाहिला होता. मुलाला काही तो लागू पडला नाही. तो नोकरीपायी कायम फिरतीवर असे.

सून मात्र घरातच होती. दातांची डॉक्टर. लग्न होऊन आली तेव्हा कपड्यांच्या बॅगेबरोबर एक गिटार घेऊन आली होती. संध्याकाळी दवाखान्यातून आली, की हातपाय धुऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायची आणि वाजवत राहायची. सासूबाई भाजी चिरता चिरता थांबत. दणकटांना संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण नेमकं त्याच वेळी त्यांचं काहीतरी घरात राहिलेलं असे. मागच्या अंगणातल्या वर्कशॉपातून ते मोजमापाची टेप शोधायला येत आणि बराच वेळ शोधत. टेप त्यांच्या खिशातच असे, हे सासूबाईंना ठाऊक होतं, पण त्या बोलल्या नाहीत.

मग दणकटांनी ती गिटार दुरुस्त केली.

झालं असं, की तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या मागे वरच्या फळीला थोडा फुगवटा आला होता. सून म्हणाली, जुनी झालीय, चालायचंच. दणकटांच्या राज्यात असलं काही चालत नसे. ती कसल्याशा प्रशिक्षणाला बाहेरगावी गेली, तेव्हा त्यांनी मागची फळी अलगद उघडली, आतून चांगला जाडजूड प्लायवूडचा तुकडा बसवला, घोडीत दोन स्क्रू पिळले आणि सगळं पुन्हा इतकं सफाईने बंद केलं, की सांधा शोधूनही सापडू नये. मग गिटार हलवून पाहिली. हूं की चूं नाही. स्वारी खूश.

सून आली, तिने तारांवरून एकदा बोटं फिरवली आणि म्हणाली, ‘‘छान झालीय, बाबा.’’ मग तिने गिटार कव्हरमध्ये घातली आणि कपाटावर ठेवून दिली. त्यानंतर गिटार खाली आलीच नाही.

संध्याकाळी स्टूल रिकामं राहायला लागलं. दणकट दोन-तीनदा टेप शोधून गेले. एकदा त्यांनी धीर करून विचारलंही, तर सून हसून म्हणाली, पेशंट वाढलेत, दमायला होतं. दणकटांना ते पटलं. पटलं नाही ते त्यांच्या बायकोला.

‘‘अहो, तिचं छान म्हणजे काय ते कळलं नाही का तुम्हाला अजून? माझी दाढ काढली तेव्हा काय म्हणत होती? छान, अगदी छान, आणखी थोडं तोंड उघडा. आणि तेवढ्यात दाढ तिच्या चिमट्यात.’’

दणकटांनी मागचं सगळं आठवून पाहिलं. खारट आमटी छान होती. त्यांनी तिच्या खोलीत बसवलेलं, उघडताना खांदा निखळवणारं ड्रॉवर छान होतं. त्यांनी वाढदिवसाला आणलेली भडक चादरसुद्धा छानच होती. ही पोरगी या घरात आल्यापासून त्यांच्याशी एकदाही खरं बोललेली नव्हती. त्यांना ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी सून कामावर गेल्यावर त्यांनी गिटार काखोटीला मारली आणि शाळेमागच्या गल्लीत वाद्यं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान गाठलं. दुकान कसलं, एक लांबट खोली. भिंतीवर पोट फाटलेली वाद्यं टांगलेली. वाद्यवाल्याने तार छेडली, कपाळाला आठी घातली आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं. दणकटांनी आधी ‘एका सुताराने’ असं सांगितलं आणि मग खाली बघत ‘मीच’ म्हणाले.

‘‘काम सुबक आहे,’’ वाद्यवाला म्हणाला, ‘‘पण तुम्ही हिचं तोंड बांधून टाकलंत. ही फळी थरथरली तरच आवाज निघतो. तुम्ही तिला थरथरायला जागाच ठेवली नाहीत.’’

हे आता काढता येईल का, असं दणकटांनी विचारलं. वाद्यवाल्याने बोट ठेवून दाखवलं. स्क्रूच्या भोकांपासून निघालेली भेग फळीभर धावली होती. दणकट बराच वेळ त्या भेगेकडे बघत बसले. नवी विकत आणून देता आली असती; पण मग सून नव्या गिटारीलाही छान म्हणाली असती आणि ती जुनीच्या शेजारी कपाटावर गेली असती. ते म्हणाले, नवी मी स्वतः करतो, तुम्ही फक्त कसं ते सांगा. वाद्यवाल्याला हसू आलं होतं, पण दणकटांचा चेहरा बघून त्याने ते गिळलं आणि आतून एक साचा काढून दिला.

वर्कशॉपात काय चाललंय, असं सुनेने विचारलं तेव्हा एका लहान मुलाचं कपाट, अशी थाप मारून झाली. मग चांगलीच तारांबळ उडाली. जन्मभर सरळ रेषेत काम केलेला माणूस. त्याला आता लाकूड वाकवायचं होतं. कडेच्या पट्ट्या भिजवून तापल्या पाइपावर दाबायच्या, आणि त्याही घाई न करता. पहिली पट्टी मोडली, दुसरी करपली, तिसरीने मात्र कमरेचा बाक असा काही घेतला, की दणकटांनी बायकोला हाक मारून दाखवला. बायको म्हणाली, माझीही कंबर कधीकाळी अशीच होती, तेव्हा नाही कुणाला हाक मारलीत.

वरच्या फळीशी मात्र त्यांची खरी गाठ पडली. वाद्यवाल्याने सांगितलं होतं, पुठ्ठ्याएवढी पातळ होईपर्यंत रंधा मारा. फळी पातळ होत गेली तसा दणकटांचा जीव खालीवर व्हायला लागला. बोटाने दाबली तर वाकत होती. असली वस्तू त्यांनी कुणाच्या घरी पाठवली असती, तर धंदा बंद करायची पाळी आली असती. त्यांनी रंधा खाली ठेवला. थोडी जाड राहिली तर राहिली. फळीच्या आतून आधाराच्या बारीक पट्ट्या चिकटवायच्या होत्या, त्याही त्यांनी सांगितल्यापेक्षा उंच ठेवल्या. आणि गिटारीची पेटी बंद करायच्या आदल्या दिवशी, आत कोण बघतंय, असं मनाशी म्हणून एक जास्तीची पट्टी हळूच लावली. वाद्यवाल्याला काही ते बोलले नाहीत. जित्याजागत्या माणसाच्या हातात द्यायची वस्तू, ती मोडली तर?

एका रविवारी सकाळी त्यांनी गिटार स्वयंपाकघरात आणून सुनेच्या हातात दिली. मधाच्या रंगाची ती पेटी तिने उलटसुलट करून पाहिली, कडेच्या बाकावरून तळवा फिरवला, आणि तिचे डोळे भरून आले. मग तिने स्टूल ओढलं, खुंट्या पिळून तारा सुरात लावल्या आणि एकदा छेडल्या. दणकट तारांकडे नाही, तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिथे काहीतरी विझलं, आणि लगेच हसू आलं.

‘‘बाबा, खूपच छा...’’

‘‘छान म्हणू नकोस,’’ दणकट म्हणाले. ‘‘पाया पडतो तुझ्या. काय आहे ते सांग.’’

सासूबाईंनी गॅस बंद केला. सुनेने तारांवर हात सपाट ठेवला.

‘‘आवाज आतच कोंडलाय,’’ ती म्हणाली. ‘‘त्या गिटारीचं झालं होतं तसंच. दिसते सुंदर, पण वाजत नाही, बाबा.’’

दणकटांना वाटलं होतं, खरं ऐकलं की आपण खचून जाऊ. तसे ते खचलेही थोडे. खुर्ची ओढून बसले. पण दाढ निघाल्यावर वाटतं तसं मोकळंही वाटलं. त्यांनी सगळं कबूल करून टाकलं, जाड फळी, उंच पट्ट्या, चोरून लावलेली ती एक. ‘‘तुझ्या मांडीवर मोडली असती तर?’’ ते म्हणाले. ‘‘या भीतीने हात चालेना माझा.’’

सून म्हणाली, पट्ट्या आहेत तर काढता येतील की. दणकटांनी सांगितलं, पुन्हा उघडून उपयोग नाही. पेटी बंद असतानाच आवाज कळतो, त्यामुळे जे काय तासायचं ते मधल्या गोल भोकातून हात घालून. त्यांनी तारा सैल करून बाजूला सारल्या आणि हात घातला. पंजा अर्ध्यात अडकला. बाहेर काढताना चांगलीच ओढाताण झाली. सासूबाई म्हणाल्या, आता तसेच हिंडा, गिटार घातलेले गृहस्थ म्हणून.

सून उठली, आतून आपली बॅग घेऊन आली आणि त्यातून दात तपासायचा, लांब दांडीचा इवलासा आरसा काढला. भोकातून आरसा आणि टॉर्च घालून तिने वाकून पाहिलं. तिचा चेहराच बदलला. हसरी सून गेली आणि तिथे डॉक्टर बसली.

‘‘जास्तीची कुठली, डावीकडची? मुळापासूनच काढावी लागेल. मला सर्वांत छोटी पटाशी द्या.’’

दणकट धावतच गेले. पटाशीची मूठ कापून आखूड केली, धार लावली. सुनेचा हात भोकातून सहज आत गेला. जिथे नजर पोचत नाही तिथे बोटांनी बघायचं, हे तर तिचं रोजचंच काम. आतून खरवडल्याचा आवाज यायला लागला. दणकट घोडीजवळ बोटाने टिचकी मारत आणि कान देत. ठप. ठप. लाकडाच्या सालपटांचा ढीग झाला, की गिटार उलटी करून झटकायची, आणि पुन्हा तेच. जास्तीची पट्टी गेली. बाकीच्या बुटक्या होत चालल्या. ठप जाऊन तिथे काहीतरी लांबणारं ऐकू यायला लागलं.

आता सुनेचाच हात थांबला. ‘‘फार पातळ झाल्यात, बाबा. पुरे. मोडेल.’’

दणकटांनी टिचकी मारली. आवाज उमटला आणि रेंगाळला, पण शेवटाला अजून कुठेतरी अडत होता. आयुष्यभर ज्या हाताने पट्ट्या ठोकल्या, तो हात त्यांनी फळीवर ठेवला. फळी त्यांच्या तळव्याखाली दबली.

‘‘आणखी काढ,’’ ते म्हणाले.

‘‘आणि मोडली तर?’’

‘‘मोडली तर दुसरी करू. आता करता येते मला.’’

तिने काढलं. दणकट तोंडाने ‘हळू’ एवढंच म्हणत राहिले, आणि तिने दटावल्यावर तेही थांबवलं. मग तारा चढल्या. एक-एक खुंटी पिळताना घरात कुणी श्वास घेत नव्हतं. फळी थोडी कुरकुरली. दणकटांनी मुठी आवळल्या, पण जागचे उठले नाहीत.

सुनेने तार छेडली, आणि स्वयंपाकघर भरून गेलं. मांडणीवरची ताटं किणकिणली. तिने चकित होऊन सासऱ्यांकडे पाहिलं आणि मग पाहायचं सोडून वाजवायला लागली. मधेच चुकत होती, बोटं सवय विसरली होती, पण थांबत नव्हती. दणकटांनी हळूच गिटारीच्या कडेला बोट टेकवलं. सगळीच्या सगळी थरथरत होती. इतकं हलणारं काही त्यांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं आणि इतका आनंदही त्यांना कुठल्या कपाटाने दिला नव्हता. सासूबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या आणि पदराने नाक पुसत होत्या.

वाजवून झाल्यावर सुनेने गिटार मांडीवर आडवी घेतली. दांडीवर अंगठा खालीवर फिरवून पाहिला. काहीतरी बोलावं की नाही, असं तिच्या मनात आलेलं दिसलं. मग ती बोलली.

‘‘बाबा, दांडी जाड झालीय हं. वरच्या अंगाला माझा अंगठा पोचत नाही. आणि ही तिसरी खुंटी घसरते.’’

दणकटांनी कानस आधीच उचलली होती.

‘‘कुठे ते दाखव,’’ ते म्हणाले. ‘‘आणि आणखी काय काय खटकतंय तेही सांग. सगळं सांग.’’