नत्थूजींचा डावा कान

"रूपरावजी, कान कुठाय?" सुरभी मॅडमनी विचारलं, आणि शरीररचना विभागातले परिचर रूपरावजी यांचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडे गेला.

मॅडम त्या कानाबद्दल विचारत नव्हत्या. माणसाचा आतला कान म्हणजे इवलासा शंख आणि त्याला चिकटलेली तीन कडी. तो न कापता आतून कसा दिसतो, हे मॅडमना संगणकावर दाखवायचं होतं. त्यासाठी हाड आधी आम्लात मऊ करायचं, मग एका तेलात बुडवायचं. तेलात ते इतकं पारदर्शक होतं की बाटलीत काही आहे की नाही तेच कळत नाही. मग लेझरच्या प्रकाशाचा पातळ पापुद्रा त्यातून सरकवत फोटो काढायचे, आणि संगणक ते एकावर एक रचून अख्खा कान पडद्यावर गरगर फिरवतो. दोन हजार चार साली वर्ध्याकडच्या कॉलेजात ही काही साधी गोष्ट नव्हती. महिनोन्महिने खपून मॅडमचा एकच कान धड जमला होता, आणि उद्या तो बघायला दिल्लीहून पाहुणे यायचे होते. बाटलीवरची चिठ्ठी तेलाने सुटून टेबलावर पडली होती. बाटली नव्हती.

रूपरावजींच्या लगेच लक्षात आलं. बाटली त्यांच्या गावी, आंजीला होती, आनंदाबाईंच्या गुडघ्यांच्या सेवेत.

त्याचं असं होतं की त्या तेलाला थेट बामचा वास. रूपरावजी एस.टी.त बसले की शेजारचा माणूस विचारायचा, कंबर धरली काय? दर शनिवारी उरलेलं कोरं तेल ते फेकायचं सोडून गावातल्या आनंदाबाईंना नेऊन द्यायचे. कोरंच बरं का, प्रेताला लागलेलं कधीच नाही. माणूस तत्त्वाचा होता. या शनिवारी मात्र टेबलावर दोन सारख्या बाटल्या, दोन्ही सारख्याच रिकाम्या दिसणाऱ्या, आणि घाई.

बरं, कान परक्याचा असता तरी एक वेळ चाललं असतं. कान नत्थूजींचा होता. नत्थूजी म्हणजे आनंदाबाईंचे यजमान. अंगणातला शेवगा त्यांनी बायकोला न विचारता तोडला, म्हणून आनंदाबाई अबोला धरून आर्वीला लेकीकडे निघून गेल्या. इकडे नत्थूजी बसल्या जागी गेले. देहदानाची त्यांची इच्छा, कॉलेजची गाडी वेळेवर आली, विभागात देह उतरवून घेतला तो रूपरावजींनीच. आनंदाबाई गावी पोचल्या तेव्हा गाडी निघून गेली होती. नवऱ्याशी शेवटचं बोलणं झालं नाही ते नाहीच, आणि हा सल त्या चारचौघांत रूपरावजींना ऐकवायच्या. म्हणून तर तेल.

मॅडमना रूपरावजींनी खरं सांगून टाकलं. मॅडम खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या आणि संध्याकाळपर्यंत कान टेबलावर पाहिजे म्हणाल्या.

आंजीला आनंदाबाई ओसरीवर मांडी घालून बसल्या होत्या. या खेपेचं तेल लय गुणाचं निघालं, त्यांनी कौतुक केलं, दोन दिवसांत मांडी घालता येऊन राह्यली. बाटलीत जेमतेम बोटभर तेल उरलं होतं. रूपरावजींनी चहाची गाळणी आणि वाटी मागितली.

"गाळनी काऊन?"

रूपरावजींनी आधी कचऱ्याचं कारण सांगितलं. नातेवाइकांना असलं काही सांगायचं नाही हा विभागाचा नियम त्यांना पाठ होता. पण त्या बाईपुढे खोटं टिकेना. त्यांनी सगळं सांगितलं आणि तेल गाळलं. गाळणीत काचेच्या मण्यासारखं काहीतरी चमकलं.

रूपरावजींना वाटलं, आता गाळणी डोक्यात बसणार. आनंदाबाईंनी वाकून गाळणीत पाहिलं.

"कोन्या बाजूचा?"

"डावा, वयनी."

"डावा बरा," त्या म्हणाल्या. "उजव्यानं त्याइले आयकूच येत नोतं."

मग त्यांनी वाटी मागितली. रूपरावजींनी कान पुन्हा तेलात सोडला, तसा तो दिसेनासा झाला. आनंदाबाई वाटी दोन्ही हातांत धरून आत गेल्या.

आधी चांगला खणखणीत आवाज आला. शेवग्यापासून सुरुवात होती. बाप्पा, काय तो उद्धार! लग्नातल्या मानपानापर्यंत मागे गेल्या. रूपरावजींना हसू आवरेना, त्यांनी तोंडावर रुमाल धरला. मग आवाज उतरत गेला, मध्येच अडकला, आणि ऐकू येण्यासारखं राहिलं नाही. रूपरावजींनी रुमाल खिशात घातला. ते उठून फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले.

बऱ्याच वेळाने आनंदाबाई दारात आल्या. डोळे लाल, पदर ओला, हातात वाटी.

"न्या आता, भाऊ. लय बोलाचं राह्यलं, पन तुमची गाडी जाईन."

सडकेवर वर्ध्याची एस.टी. येऊन उभी होती. तिकडे मॅडम दाराकडे डोळे लावून बसल्या असणार.

"जाऊ द्या गाडी," रूपरावजी म्हणाले. "मांगून दुसरी हाय."

दुसरी थेट रात्रीची होती. आनंदाबाई वाटी घेऊन पुन्हा आत गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.